नोंदवहीतली सतरा नंबरची देवी

माणूस समोर आला की मी आधी त्याच्या पिशवीकडे बघते, मग हातांकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही खोड जात नाही. सुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हाही मी तसंच बघितलं म्हणे. सून अजून ऐकवते, "आई, तुम्ही त्यांची झडतीच घ्यायची बाकी ठेवली होती."

बावीस वर्षं मी एका बेटावर दगड राखले. बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो, नारळाची झाडं येतात. आमचं बेट कोयना धरणाच्या फुगवट्यातलं. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली काठावर यायचं आणि तिथून लाँचने पाऊण तास जायचं. पूर्वी तो नुसता एक डोंगराचा उंचवटा होता. त्याच्या पायथ्याला दाभेखोल नावाचं गाव होतं आणि माथ्यावर काळ्या दगडाचं देऊळ. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं उठवून लांब नेऊन वसवली, आणि देऊळ तेवढं चारी बाजूंनी पाण्याने वेढून उभं राहिलं. छत निम्मं कोसळलेलं, गाभाऱ्यात वटवाघळं, भिंतीच्या फटीतून उंबराची मुळं घुसलेली. चैत्रापासून दमट उन्हाने अंगाची नुसती चिकचिक व्हायची आणि पावसाळ्यात जळवा.

मी मूळची वडूजकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे घागरीत असतं तेवढं. माझे मालक याच पुरातत्त्व खात्यात दुसऱ्या एका देवळावर पहारेकरी होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. नेमणुकीचा कागद हातात आला, त्यावर बेट लिहिलेलं. मला पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही. पहिले सहा महिने मी लाँचमध्ये डोळे मिटून बसायची.

लोक विचारतात, दगडांना काय राखायचं? ते कुठं पळून जातात? पळत नाहीत, पण नेले जातात. देवळाच्या आवारात सुटे कोरीव दगड पडलेले असतात. लढाईत पडलेल्या माणसांचे वीरगळ, सतीशिळा, कान तुटलेला नंदी, नाग, खांबाचे तुकडे. आमच्याकडे असे एक्केचाळीस होते. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर आणि नोंदवहीत एक ओळ. आवार झाडायचं, मुळं वाढली की वर कळवायचं, आलेल्यांची नावं वहीत लिहून घ्यायची, कुणाला दगडावर नाव कोरू द्यायचं नाही, आणि संध्याकाळी परतताना सगळे दगड जागेवर आहेत ना बघायचं. माझं काम एवढंच होतं.

मी ते कधी मोजले नाहीत. माझे वडील मेंढरं राखायचे. शंभरावर मेंढरं असली तरी ते एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "काळ्या कानाची मागं ऱ्हायली." मोजायला लागलं की चुकतं, असं त्यांचं म्हणणं. दगडांच्या बाबतीत मी तेच केलं. नजर फिरवली की कुठे भोक पडलंय ते कळायचं.

आणि संशय घ्यायचा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण खात्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, इथे येणारा प्रत्येक माणूस चोर आहे असं समजून त्याला नमस्कार करायचा."

तसे नमुनेही भेटले. सांगलीचे एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात तांब्याच्या दोन वाकवलेल्या तारा. गाभाऱ्याभोवती पाय मोजत फिरायला लागले. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "पाणी शोधतोय." मी म्हटलं, "साहेब, चारी बाजूंनी पाणीच पाणी आहे. ते सोडून गाभाऱ्यात कशाला शोधता?" त्यांना गुप्तधन हवं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. लाँच येईपर्यंत मी त्यांना माझ्यासमोर पायरीवर बसवून ठेवलं.

हल्ली मोबाइलवाले येतात. वीरगळावर उभं राहून नाचतात, उडतं यंत्र सोडून वरून चित्रं घेतात. त्या यंत्राचा मला सगळ्यात जास्त संशय यायचा. आज चित्र घेतील, उद्या त्याच चित्रावर बोट ठेवून कुणीतरी म्हणेल, हा दगड पाहिजे.

चुकाही झाल्या. एक वयस्कर गृहस्थ शिलालेखावर ओला कागद चिकटवून ब्रशने ठोकत होते. मी कागद ओढून काढला, ब्रश जप्त केला. त्यांनी खिशातून परवानगीचं पत्र काढलं. मी ते उजेडात धरलं, शिक्का नखाने खरवडून बघितला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही पत्र वाचता कमी आणि हुंगता जास्त." ते खरोखरच लेखांचे ठसे घेणारे अभ्यासक निघाले. साहेबांकडून बोलणी खावी लागली. पण मनातून मला वाईट वाटलं नाही. शंभर भल्या माणसांना त्रास झाला तरी चालेल, एक चोर सुटता कामा नये, असा माझा हिशेब होता. या हिशेबात काय चुकत होतं, ते मला नानांच्या बाबतीत कळलं.

नाना म्हणजे नाना शेलार, लाँचवाले. काठावरच्याच गावचे. खात्याने त्यांची लाँच माझ्या जाण्यायेण्यासाठी लावून दिलेली होती. मधल्या वेळात ते पर्यटक फिरवायचे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, बोलायला अगदी कमी. मी डोळे मिटून बसायची त्या दिवसांत ते एकदाच म्हणाले होते, "ताई, पाण्याकडं बघू नका, पल्याडच्या झाडाकडं बघा. झाड हालत न्हाई." त्यानंतर मी झाडाकडे बघत गेले आणि माझी भीती गेली. पावसाने वारं सुटलं की मला काठावर त्यांच्या घरी थांबावं लागायचं. त्यांच्या बायकोने मला कधी उपाशी निघू दिलं नाही.

माझ्या नोकरीच्या सोळाव्या वर्षी मे महिन्यात भाचीचं लग्न निघालं, वडूजला. मी तीन दिवसांची रजा घेतली. बदली माणूस मिळाला नाही. साहेब म्हणाले, कुलूप लावा आणि जा, तीन दिवसांत काय होतंय.

चौथ्या दिवशी सकाळी मी बेटावर उतरले. पायऱ्या चढून वर गेले, नजर फिरवली आणि ती एका जागी अडकली. गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला, उंबराच्या मुळाशी, जमिनीवर एक चौकोनी फिकट डाग होता. तिथला दगड गेला होता. किडे अजून त्या ओल्या चौकोनात वळवळत होते, म्हणजे उचलून फार दिवस झाले नव्हते.

सतरा नंबर. नोंदवहीत त्याची ओळ अशी: "अज्ञात स्त्री देवता, भग्न, उंची दीड फूट, डाव्या गालावर टवका." सगळ्या आवारात दिसायला सगळ्यात साधा दगड. नंदी होता, नाजूक कोरलेल्या सतीशिळा होत्या, त्या सोडून चोराने हीच का उचलली? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मला एकच दिसत होतं, माझ्या रजेत दगड गेला.

साहेब आले, पोलीस आले, पंचनामा झाला. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, सोळा वर्षांत काही गेलं नाही. तुम्ही तीन दिवस नाही आणि त्याच तीन दिवसांत जातं. तुम्ही रजेवर आहात हे कुणाकुणाला माहीत होतं?"

त्यांची नजर माझ्या हातांकडे होती. मी दुसऱ्यांकडे बघायची, अगदी तशी. विधवा बाई, मुलगा शिकतोय, हीच नोकरी. मी म्हणाले, "नानांना."

"आणखी?"

"आणखी कुणाला नाही."

मग मी आणखीही बोलले. त्या सकाळी लाँचमध्ये बसताना मला दोन गोष्टी दिसल्या होत्या. लाँचच्या कडेच्या फळीवर ताजा घासलेला ओरखडा होता, काहीतरी जड ओढून घेतल्यासारखा. आणि पुढच्या टोकाला लाकडाच्या खाचेत शेंदूर होता, पुसून उरलेला. त्या दिवशी नाना माझ्याकडे बघतही नव्हते. मी 'लग्न चांगलं झालं' म्हणाले तरी त्यांनी मान वर केली नाही. हे सगळं मी पोलिसांना सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता. पण खरं सांगताना मला आधी स्वतःला सोडवायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पोलिसांनी नानांना नेलं. लाँच जप्त केली, काठावर ओढून साखळीने बांधली. नाना चौकशीत एवढंच म्हणत राहिले, "मी न्हाई नेली." ओरखडा कसला? "नांगराची नवी साखळी घासली." शेंदूर कसला? गप्प. त्या गप्प बसण्यानेच सगळ्यांची खात्री पटली. माझीही.

मला चौकशी संपेपर्यंत साताऱ्याच्या कार्यालयात बसवलं. काम काही नाही. समोर बेटावरची अभिप्राय वही होती, पंचनाम्यातून परत आलेली. वेळ जाईना म्हणून मी ती पहिल्यापासून वाचू लागले. कुणी लिहिलेलं, "निसर्गरम्य ठिकाण." कुणी, "पाण्याची सोय नाही," जणू काही मी त्यांच्या हातात तांब्या द्यायला बसले होते. वाचता वाचता एक गोष्ट डोळ्यांत खुपली. दर चैत्रात चार-पाच नावं एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलेली, आणि गावाच्या रकान्यात दर वेळी तेच: "दाभेखोल, ता. वाळवा."

दाभेखोल पाण्याखाली होतं. माझ्या पायाखाली, साठ वर्षं. तिथून माणूस कसा येईल? आणि वाळवा तालुका तर सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरकडे. मला त्या बायका आठवल्या. चैत्रात यायच्या, चार-पाच जणी, नऊवारीतल्या. नाकाखाली पदर धरून देवळाभोवती फिरायच्या, कशालाही हात लावायच्या नाहीत. त्यांतली एक म्हातारी मला दर वेळी पिशवीतून भाकरी काढून द्यायची. त्यांच्या पिशव्यांकडे मी कधी नीट बघितलंच नाही. बायका होत्या, म्हाताऱ्या होत्या, माझ्यासारख्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी एसटीने इस्लामपूरला गेले, तिथून वडापच्या जीपने उसातल्या रस्त्याने. पाटी होती: नवे दाभेखोल. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, पत्र्याची आणि विटांची घरं, मध्ये पाण्याची टाकी. टाकीच्या शेजारी चार खांबांवर नवा पत्रा टाकलेला, खाली ताज्या सिमेंटचा चौथरा. चौथऱ्यावर ती बसली होती.

अंगभर शेंदूर, चांदीचे डोळे, हिरवं लुगडं, नाकात नथ. पायाशी ओटीचे खण, नारळ. पहिल्या नजरेत मला ओळखूही येईना. मग मी जवळ गेले. शेंदराच्या थराखाली डाव्या गालावर खळगा होता, टवक्याचा.

"आलीस का?" मागून आवाज आला. भाकरी देणारी म्हातारी. सरूबाई तिचं नाव. ती दचकली नाही, पळाली नाही. मला म्हणाली, "आदी पाया पड, मग काय ते बोल."

मी पाया पडले नाही. मी म्हणाले, "मावशी, ही सरकारची मूर्ती आहे. चोरीची तक्रार झालीय. एका माणसाला पोलिसांनी धरलंय."

"सरकारची कशी?" सरूबाई म्हणाली. "वाघजाई हाय ती. आमच्या गावाची. मी इवलीशी पोर व्हते तवा आमाला ट्रकात घालून हितं आणलं. देवीला न्यायला मागाहून येऊ म्हनली आमची मानसं. तवर पानी वर आलं. मग तुमचं खातं आलं, पाटी लावली. तुमच्या वहीत तिचं नाव काय लिवलंय गं?"

मला ती ओळ पाठ होती.

तोवर गल्लीतून माणसं जमली. एक पन्नाशीचे गृहस्थ पुढे झाले, हातात अजून विळा. "आमी नेली," ते म्हणाले. "चोरी न्हाई केली. दिवसाढवळ्या नेली. सोळा जनं व्हतो, आळीपाळीनं खांद्यावर घेतली."

"नानांच्या लाँचने?"

"कुठली लाँच? चालत."

मला वाटलं थट्टा करतायत. मे महिन्यात पाणी उतरतं, बेटाच्या मागच्या बाजूने गाळ उघडा पडतो, हे मला माहीत होतं. पण त्या गाळात माणूस कमरेपर्यंत रुततो. म्हैस रुतलेली मी डोळ्यांनी बघितली होती. म्हणूनच त्या बाजूने कुणी येईल असा विचार मी, साहेबांनी, पोलिसांनी कुणीच केला नव्हता.

सरूबाई म्हणाली, "गाळाखाली आमची पाणंद हाय. दगड बसवल्याली. माज्या आज्यानं बसवल्याली. गाळ वर हाय, दगड खाली तसंच हायत. कुटं वळायचं ते ज्याला ठावं हाय त्यो रुतत न्हाई." ती काठी टेकत पुढे चालली होती आणि सोळा माणसं तिच्या मागून. साठ वर्षांनी ती आपल्या गावच्या रस्त्यावरून चालली, गुडघाभर चिखलातून, डोळे मिटून. डोळे उघडले की चुकल्यासारखं व्हायचं, असं म्हणाली.

मी विचारलं, "पण मी त्या तीन दिवसांत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "तूच की. चैत्रात भाकरी खाताना. म्हनालीस, भाचीचं लगीन हाय, तारीख बी सांगितलीस, लय दिसांनी म्हायेराला जानार."

मी चौथऱ्याच्या कडेला बसले.

मग नानांचं विचारलं. त्यांचं असं झालं होतं. देवी नेण्याआधी आठ दिवस ही मंडळी नानांकडे गेली होती. लाँचने देवी काठावर आणून द्या म्हणून विनवलं. नाना नाही म्हणाले. सरूबाईने शेंदराचा हात लाँचच्या टोकाला लावला, देवीचं वाहन म्हणून. नानांनी तिच्यासमोर तो पुसला. म्हणाले, "ताईची नोकरी जाईल. मी नेणार न्हाई. आन तुमचं नाव कुनाला सांगनार बी न्हाई. तुमी हितं आलाच न्हाई." पुढे देवी गेली हे त्यांना कळलं तेव्हा कुणी नेली हे त्यांना लगेच समजलं असणार. त्यांनी शब्द दिला होता, म्हणूनच त्या सकाळी ते माझ्याकडे बघत नव्हते. तो शब्द त्यांनी पोलिसांच्या समोरही पाळला.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं लावून बसले. कऱ्हाड येईपर्यंत मला वाटत होतं, गप्प राहावं. देवी आपल्या माणसांत बसलीय, तिला लुगडं आहे, दिवा आहे. बेटावर तिला मी झाडूने धूळ झटकण्यापलीकडे काय दिलं होतं? पण नानांची लाँच साखळीला होती. हंगाम चालला होता. मी गप्प राहिले तर नाना चोर ठरणार होते, आणि तेही माझ्या बोलण्यावरून.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं.

पोलिसांचा टेम्पो नव्या दाभेखोलला गेला तेव्हा ओळख पटवायला मला सोबत नेलं. पुरुष चौथऱ्यापाशीच उभे राहिले. बायका मात्र टेम्पोच्या मागे उसाच्या रस्त्याने चालत निघाल्या, अनवाणी, डांबरी रस्त्यापर्यंत. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. एकीने फक्त विचारलं, "तिला तितं कोन जेवू घालनार?"

ती गेली पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत. जप्त केलेल्या मोटारसायकली, तुटक्या सायकली, हातभट्टीचे डबे, आणि त्यांत भिंतीकडे तोंड करून वाघजाई, गळ्यात कागदाची चिठ्ठी. सहा वर्षं ती तिथे होती. दर चैत्रात बायका यायच्या. आत जायला परवानगी नव्हती, म्हणून ठाण्याच्या मागच्या भिंतीशी, खोली जिथे असेल असं वाटलं तिथे, नारळ फोडायच्या. शिपायांनी पहिल्या वर्षी हुसकावलं. दुसऱ्या वर्षापासून तेच प्रसाद खायला लागले.

नानांना सोडलं. लाँच परत मिळाली, पण मे-जूनचा हंगाम गेला होता, उन्हाने फळ्या उकलल्या होत्या. मी परत बेटावर रुजू झाले. पहिल्या दिवशी धक्क्यावर गेले तेव्हा ते लाँचमध्ये बसले होते. मी म्हणाले, "नाना, माझं चुकलं." त्यांनी इंजिन सुरू केलं. म्हणाले, "बसा, मॅडम."

ताई म्हणायचे ते. त्या दिवसापासून मॅडम. पुढची सहा वर्षं, रोज दोन वेळा, पाऊण तास. त्यांच्या बायकोने जेवायला बोलवणं सोडलं नाही. तिने वाढताना माझ्याकडे बघणं सोडलं.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झाले होते. साक्षीदार म्हणून समन्स आलं. कोर्टात टेबलावर ती ठेवलेली, शेंदूर सुकून पापुद्रे सुटलेले. आरोपींच्या बाकावर पाच-सहा माणसं आणि टोकाला सरूबाई, आता पार वाकलेली. तिने तिथूनच देवीला हात जोडले.

सरकारी वकिलांनी विचारलं, "हीच ती मूर्ती का?"

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. सहा वर्षांत मला बऱ्याच जणांनी सुचवलंही होतं. शेंदराने चेहरा बदलला होता, पाठीवरचा नंबर खरवडला गेला होता, माझ्याशिवाय छातीठोकपणे कुणी सांगू शकलं नसतं. मी म्हणाले, "होय, हीच. डाव्या गालावर टवका आहे."

मग आरोपींचे वकील उठले. तरुण पोरगी होती, गावातलीच, सरूबाईची नात. तिने विचारलं, "तुमच्या खात्याच्या नोंदीत या मूर्तीचं नाव काय?"

"अज्ञात स्त्री देवता."

"किती वर्षं तशीच नोंद आहे?"

"मी रुजू झाले त्याच्या आधीपासून."

"आणि आरोपींना तिचं नाव माहीत होतं?"

"होय."

"तुम्हालाही माहीत होतं?"

"त्यांच्याकडून कळलं. वाघजाई."

"मग नोंद दुरुस्त करायला तुम्ही काय केलंत?"

मी काहीच केलं नव्हतं. तसंच सांगितलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

निकाल असा झाला की चोरीचा हेतू दिसत नाही म्हणून सगळे सुटले. देवीला मात्र गावात ठेवता येणार नव्हतं. ती बेटावर परत न्यायची, चैत्रात एक दिवस दाभेखोलच्या लोकांना तिथे पूजा करू द्यायची. सरूबाईचं समाधान झालं की नाही, मला सांगता येणार नाही. ती एवढंच म्हणाली, "चला, भिताडाकडचं तोंड तरी फिरलं."

देवी न्यायच्या दिवशी मलाही बोलावलं होतं. नानांचीच लाँच होती. मधोमध गोधडीवर देवी, एका बाजूला सरूबाई, खात्याचा नवा पहारेकरी, आणि मागे नानांजवळ मी. देवी जागेवर बसवली, बायकांनी ओटी भरली. नव्या नोंदवहीत नव्या पहारेकऱ्याने माझ्यासमोर लिहिलं: "वाघजाई." परत येताना बाकीचे पुढे बसले होते. मला हे विचारायचं होतं आणि सहा वर्षं धीर झाला नव्हता.

मी म्हणाले, "नाना, त्या सकाळी तुम्ही मला का सांगितलं नाहीत? मी कुणाला बोलले नसते. शेंदराचं एवढंच सांगितलं असतंत तर मी तुमचं नाव घेतलं नसतं."

ते सुकाणू धरून समोर बघत होते. त्यांनी इंजिन जरा मंद केलं.

मग म्हणाले, "तुमी मला इचारलं कुटं, मॅडम? शेंदूर बघितला, ओरखडा बघितला. मी हाताच्या अंतरावर बसलो व्हतो. तुमी पोलिसांला जाऊन सांगितलं."

मी पलीकडच्या काठाकडे बघत बसले. मग विचारलं, "अजून राग आहे?"

"हाय की," नाना म्हणाले. लाँच धक्क्याला लागली. त्यांनी दोर टाकला, खाली उतरले, आधी सरूबाईला धरून उतरवलं आणि मग माझ्यापुढे हात केला.